पाठमोरी मोजणी

२४ फेब्रुवारी २०१९
पठारावरची रेंजर झोपडी

प्रिय विनी आत्या,

हार्पर तळं वाचलं. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायचं ठरवलं होतं, ते लिहिलं.

आग सदतीस दिवस चालली. परवा पाऊस आला, जमीन ओली होण्यापुरता, आणि ऑफिसने ती विझल्याचं जाहीर केलं. जळलेल्या भागातली काळी माती अजून आतून धुमसते आहे. एका जागी उभं राहिलं तर बूट तापतात.

फवाऱ्यांचा संच एकच होता. एक पंप, साडेचारशे मीटर पाइप. एवढ्यात एकच तळं भिजवता येतं. एकोणीस जानेवारीला, ऐन उन्हाळ्यात, साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाले, ‘‘मेरन, पाइनचं तुला कळतं. बोट ठेव.’’ मी हार्परवर बोट ठेवलं. हजार वर्षांचे पेन्सिल पाइन पठारावर इतरही चार जागी आहेत. पण त्यांची नवी रोपं वाढताहेत असं कागदावर असलेली जागा एकच. १९८९ मध्ये चाळीस, १९९९ मध्ये चव्वेचाळीस, २००९ मध्ये त्रेसष्ट. तुझे आकडे. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

फवारे अकरा दिवस चालले. हार्परच्या एकाही झाडाला झळ लागली नाही.

पल्याडचं तळं जळलं. तिथे कुणी कधी मोजणी केली नव्हती.

पुढच्या महिन्यात हार्परकाठच्या तुझ्या तुकड्याची सहावी मोजणी, दर दहा वर्षांची. सुई मी टाकणार, पुकारणार मी, लिहायला डॅरल. हा पंपावरचा माणूस, पन्नाशीचा, अक्षर भयंकर. म्हणतो, ‘‘गवताची हजेरी घ्यायला सरकार पगार देतं, हे माझ्या बायकोला कळू देऊ नका.’’ तुझ्या काही सूचना असतील तर कळव.

क्लेम काका, हे तिला सावकाश वाचून दाखवा. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही ‘हो हो, बरं बरं’ म्हणता आणि ठेवून देता.

मेरन


६ मार्च
गॅरड फार्म

मेरन,

मी बोलते आहे, म्हातारा लिहितो आहे.

तुझं पत्र त्याने दोनदा वाचलं. त्रेसष्टचं वाक्य मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, माझ्या शब्दावर कुणी मेंढी हलवली नव्हती. तुम्ही पंप हलवलात. (ती हसते आहे. – क्ले.) म्हाताऱ्या, मी हसते आहे हे लिहायला तुला कुणी सांगितलं?

आता सूचना. चौकट खुंट्यांवर बसव आणि मग तिच्याकडे बघू नकोस. तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विणकामाची सुई सरळ खाली सोड. शंभर छेद, शंभर सुया. टोकाला जे लागेल ते पुकार. गवत लागलं तर ‘गवत’, शेवाळ लागलं तर ‘शेवाळ’. काहीच लागलं नाही तर ‘माती’. ‘माती’ म्हणताना माणसाचा आवाज पडतो. पडू देऊ नकोस, लिहिणाऱ्याला कळतं.

लिहिणाऱ्याने चौकटीकडे पाठ करून बसायचं. हे डॅरलला नीट सांग. चौकट दिसली की लिहिणाऱ्याला मत येतं, आणि मत आलं की तो म्हणतो, ‘बाई, ते गवत वाटत नाही हो.’ पुकारणारा एक, लिहिणारा एक. दोघांनी बघितलं की वाद होतात, आकडे होत नाहीत. म्हातारा चाळीस वर्षं पाठ करून बसला. त्याला विचारलंस तर तो तुला फक्त पलीकडच्या डोंगराचं वर्णन सांगेल.

रोपं गुडघ्यांवर बसून मोज. पाइनचं रोप पहिली वीस वर्षं गवताच्या खाली असतं. डोळ्याला चुकतं, बोटाला चुकत नाही. सुतळीसारखं लागतं, गोल, खवल्याखवल्यांचं.

पल्याडच्या तळ्याचं ऐकून बरं वाटलं नाही. सुरुवातीला, अडुसष्ट साली, दोन जागा बघितल्या होत्या, ती आणि हार्पर. ती चार तास लांब होती, म्हणून हार्पर निवडलं. एवढंच कारण.

या वर्षी किती निघाली ते लगेच कळव. माझे डोळे दहा साली गेले, पण आकडा ऐकता येतो.

विनी आत्या


१९ मार्च
रेंजर झोपडी

प्रिय विनी आत्या,

मोजणी झाली. तू सांगितलंस तशीच केली. डॅरल पाठ करून बसला होता.

शंभर सुया. माती सत्तावीस. एकोणसत्तरच्या वहीत माती तीन आहे. गवत तेवीस. शेवाळ अकरा, तेही करपलेलं. उरलेल्या एकोणचाळीस सुया रॉकेलझुडपावर लागल्या. एकोणसत्तरच्या वहीत रॉकेलझुडूप एकदाही नाही. तेव्हा ते चारशे फूट खाली असायचं, गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांच्या रांगेत. आता ते तळ्याकाठी आहे आणि त्याच्यामागून गमही निघाले आहेत. पहिला गम पाइनपासून हाकेच्या अंतरावर उभा आहे. तो तुझ्या कुठल्याच वहीत नाही.

पाइनची रोपं शून्य.

मी चौघांना गुडघ्यांवर बसवलं. दोन दिवस. शून्य. मग २००९ चा तुझा आराखडा काढला, प्रत्येक रोपाची जागा टेपने मोजून मांडलेली. त्रेसष्ट फुल्या. त्यांतल्या एकावन्न फुल्यांवर आज काहीतरी उभं आहे. रॉकेलझुडूप. जुनं, लाकूड झालेलं, अगदी फुलीच्या जागी. त्याचीही कोवळी काडी गोल असते, खवल्यांची.

आत्या, तू त्रेसष्ट वेळा चुकणार नाहीस. मग तिथे काय झालं?

परतताना पल्याडच्या तळ्याला गेले. ते उंच कड्याच्या सावलीत आहे, बर्फ उशिरा वितळतं. मोठी झाडं उभीच जळली आहेत. त्यांच्या खाली राखेत बोटाएवढे काळे खुंट होते. एक कापला आणि भिंगाखाली धरला. पाइन, एकोणीस वलयं. मग मोजायला बसले. दोनशे अकरापर्यंत मोजले आणि थांबले. तळ्याचा एकच काठ झाला होता.

डॅरल म्हणाला, ‘‘साडेचारशे मीटर पाइप इथे पुरला असता.’’ मग म्हणाला, ‘‘मी नुसतं लांबीचं बोलतोय.’’

मेरन


२८ मार्च
गॅरड फार्म

प्रिय मेरन,

तुझे पत्र मिळाले. खुंट्या बहुतेक हलल्या असाव्यात. पठारावर जमीन गोठते तेव्हा लोखंड वर ढकलले जाते. थोडे वरच्या अंगाला शोधून पाहावे. वॉलबी-कांगारूंनी रोपे खाल्ली असण्याचीही शक्यता आहे. रॉकेलझुडपाचे फार मनावर घेऊ नकोस. पल्याडच्या तळ्याचे वाईट झाले, पण त्यात तुझा दोष नाही.

थंडी पडू लागेल. लोकरीचे मोजे घाल.

तुझी
विनी आत्या


९ एप्रिल
रेंजर झोपडी

क्लेम काका,

हे पत्र तुम्हाला आहे. तसंही पाकिटं तुम्हीच फोडता.

मागचं पत्र विनी आत्याचं नाही. आत्याने जन्मात कधी ‘बहुतेक’ म्हटलेलं नाही. एवढ्या पत्रात तिने तुम्हाला एकदाही म्हातारा म्हटलं नाही. आणि ती मला मोजे घालायला सांगणार नाही. पाय गारठले तर भरभर चाल, असं सांगेल.

खुंट्या हललेल्या नाहीत. त्या खडकात भोकं पाडून शिसं ओतून बसवलेल्या आहेत. अडुसष्ट साली ती भोकं तुम्हीच पाडली, हे तुम्हीच मला सांगितलंत. वॉलबी रोप खाते, त्याच्या जागी दुसरं झाड लावत नाही.

माझं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलंत का? काय वाचलंत?

मला उत्तर पाहिजे, कारण नकाशावर बोट मी ठेवलं. रोज पंपाच्या शेडमध्ये तो नकाशा समोर असतो. पल्याडच्या तळ्यावर फक्त हेलिकॉप्टरमधून काढलेला जुना फोटो होता. त्यात मोठी झाडं दिसत होती, गवताखालचं काही दिसत नव्हतं. तिथे काही नाही, असं मी धरून चालले. कारण हार्परला त्रेसष्ट होती.

चौदा जूनपर्यंत मला अहवाल द्यायचा आहे. त्यावर पंप कायमचा कुठे बसवायचा ते ठरेल. आज तरी सगळे हार्परच म्हणताहेत. उरलेल्या तीन तळ्यांपैकी एकाखाली अजून रोपं असतील. कुणी बघितलेलं नाही. हार्परची वही खरी मानली तर कुणी बघायला जाणारही नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही जाईल.

काय झालं ते लिहा.

मेरन


२२ एप्रिल
गॅरड फार्म

मेरन,

मला पत्र लिहायची सवय नाही. दुसऱ्याचं लिहायची आहे.

विनीचे डोळे दहा साली गेले असं आपल्या घरात सगळे म्हणतात. ते तिने दहा साली सांगितलं. सत्त्याण्णवच्या सुगीत ती मेंढ्यांच्या कानातले बिल्ले वाचायची थांबली. मला म्हणायची, ‘तूच वाच, मला कंटाळा येतो.’ मी वाचत होतो. कडेकडेचं तिला दिसायचं, समोरचं गेलं होतं. चालताना कळायचं नाही.

नव्याण्णवला वर गेलो. मी पाठ करून बसलो. ती पुकारत होती, मी लिहीत होतो. रोपांची वेळ आली तेव्हा एकदाच मी वळलो. पेन्सिल मोडली होती आणि चाकू तिच्या पिशवीत होता. ती पोटावर झोपली होती, डोळे मिटून. एका हाताने चाचपत होती. बोटात काडी धरली आणि म्हणाली, ‘पाइन.’ ती रॉकेलची होती. मी त्या झुडपाने आयुष्यभर चुली पेटवल्या आहेत, मला दहा पावलांवरून कळतं.

तिच्या तोंडावर जे होतं ते तू बघितलेलं नाहीस. मी परत पाठ केली आणि लिहिलं, ‘पाइन, एक.’

नव्याण्णवच्या चव्वेचाळिसांत खरी किती होती ते मला माहीत नाही. दहा असतील, तीस असतील. मी परत वळलो नाही. नऊ साली तर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून वर चढली, सहा तास. त्रेसष्ट म्हणाली. मी त्रेसष्ट लिहिले. फुल्या मांडताना टेपचं शून्याकडचं टोक मी धरलं होतं, पण बघत डोंगराकडे होतो. तो डोंगर मला पाठ आहे.

तुझं पत्र मी तिला वाचलं. वाचताना आकडे बदलले. अडुसष्ट रोपं आहेत म्हणालो. पल्याडचे खुंट गाळले. ती म्हणाली, ‘पाच वाढली, म्हाताऱ्या. सगळीकडे मरताहेत आणि आपल्याकडे पाच वाढली.’ मग जेवली. तीन महिन्यांत तिने ताट पुरं केलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढचं पत्र मी माझंच लिहिलं.

डॉक्टर म्हणतात, हृदय दोन वर्षं चालेल, फार तर. तू दोन वर्षं थांब. अहवालात लिही, या वर्षी आगीमुळे मोजणी झाली नाही. खोटं एवढंच. ती गेली की सगळं माझ्या नावावर टाक. मला चालेल.

नकाशावर बोट तू ठेवलं नाहीस. मी ठेवलं, वीस वर्षांपूर्वी. हे मला कळतं, असं समज.

क्लेम


६ मे
रेंजर झोपडी

क्लेम काका,

थांबता येणार नाही.

तुमचं पत्र आल्यावर चार दिवस मी ते वाक्य लिहून बघितलं, ‘आगीमुळे मोजणी झाली नाही.’ छान वाचतं. कुणी प्रश्न विचारणार नाही. मग मी तुमच्या शेजारी पाठ करून बसलेली असेन.

आणि तुमच्या नावावरही टाकता येणार नाही. पुकारणारीचं नाव वर असतं, लिहिणाऱ्याचं खाली. हा नियम तिचाच.

मला सगळ्यात काय जड जातं ते सांगते. रोपं मेली हे नाही. ती मरणारच होती. माती कोरडी पडली आहे, बर्फ जूनच्या आधी टिकत नाही, खालचं रान वर येतं आहे. पाइनचं बी झाडापासून चार पावलांवर पडतं. त्याला पळता येत नाही, आणि वर पळायला डोंगरही उरला नाही. पण ती कधी संपली, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. पंच्याण्णवला की दोन हजार पाचला? एकदम की एकेक? त्या वर्षी कोरडं पडलं म्हणून, की रॉकेलझुडूप आलं म्हणून? पठारावर पन्नास वर्षांची एकच वही आहे आणि तिच्यात नेमकी तीच तीस वर्षं नाहीत. तुम्ही तिथे होतात, आत्या तिथे होती, आणि बघितलं कुणीच नाही.

तिला सगळं वाचून दाखवा. माझी सगळी पत्रं, आकड्यांसकट. तुमचंही. नाहीतर मी शनिवारी खाली येऊन वाचते.

एक मागणंही आहे. अहवालात पल्याडच्या तळ्याचा ‘आधी’चा रकाना भरायचा आहे. तिथे आधी काय होतं याची एकही नोंद नाही. आत्या अडुसष्ट साली तिथे गेली होती. तिला सगळं आठवतं, मला माहीत आहे. किती मोठी झाडं, किती रोपं, खाली शेवाळ होतं की गवत. तिने सांगावं, तुम्ही लिहावं, मी तिच्या नावाने घालीन. निदान त्या तळ्याचं काहीतरी राहील.

मेरन


१ जून
गॅरड फार्म

मेरन,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. कागदावर फूटपट्टी ठेवली आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर तू सोडव.

क्लेमने शनिवारी सगळं वाचलं. सकाळी सुरुवात केली, चहाच्या वेळेपर्यंत चाललं. मधे दोनदा थांबला. मी म्हटलं, वाच. त्यानंतर तीन दिवस मी माझा चहा केला, त्याने त्याचा. मग तो म्हणाला, ‘मेंढ्यांना पाणी दाखवून येतो.’ मी म्हटलं, ‘ये.’ असं चाललं आहे.

त्याने मला फसवलं, असं तुला वाटत असेल. मला तसं म्हणता येत नाही. नऊ साली वरून खाली उतरले तेव्हा माझ्या बोटांना वास होता. गोड, चिकट. रॉकेलझुडपाच्या पानाला असा वास असतो, मधासारखा. मुलांना मीच शिकवायचे. त्या दिवशी मला वाटलं, सकाळी क्लेमने ब्रेडला मध लावून दिला त्याचा असेल. हात धुतले. वर्षभर मी तो वास सोडून बाकी सगळ्याचा विचार केला. एवढं मला माहीत होतं. याला माहीत असणं म्हणतात की नाही, ते तू ठरव.

आता अहवालाचं. मी सांगते तसं लिही.

१९९९ आणि २००९ या दोन्ही मोजण्या रद्द. रोपांच्याच नाही, सुयांच्याही. सुई काय टोचते ते मला दिसत नव्हतं. मी टोकावरून ठरवत होते, हाताला मऊ लागलं की शेवाळ. कारण म्हणून ‘पुकारणारीची दृष्टी गेली होती’ असं लिहू नकोस. आंधळीची दया येते आणि मग लोक आकडे अर्धे ठेवतात. ‘पुकारणारी विश्वासार्ह नव्हती’ असं लिही. वर माझं नाव, खाली क्लेमचं.

१९८९ पर्यंतचं ठेव. ते खरं आहे. तेव्हाही रोपं कमी होत होती, एकसष्ट, अठ्ठावन्न, चाळीस. मी तेव्हा शाळेत फळ्यावर तीन आकडे लिहून पोरांना विचारायचे, पुढचा काय येईल? पोरं बरोबर सांगायची.

पंप हार्परला लावू नका. ती झाडं अजून दोनशे वर्षं उभी राहतील किंवा पुढच्या जानेवारीत जातील. त्यांच्या मागे कुणी नाही. कुठे लावायचा ते मला विचारू नकोस. उरलेल्या तीन तळ्यांवर गुडघ्यांवर बसा आणि बघा. तिथेही शून्य निघेल, असं मला वाटतं. मला काय वाटतं ते लिहू नकोस.

पल्याडच्या तळ्याचं विचारलंस. सहा मार्च, अडुसष्ट. सकाळी दहाला पोचलो. मला तिथलं एकेक झाड आठवतं. पाण्यात वाकलेला एक पाइन होता, त्याच्या मुळांशी रोपं होती, मी ती गुडघ्यांवर बसून बघितली होती, तेव्हा दिसत होतं. परवा क्लेम वही घेऊन बसला. म्हणाला, ‘सांग, मी लिहितो.’ मी तोंड उघडलं आणि आकडा आला. लगेच आला, अडखळला नाही. हार्परला यायचा तसाच.

तो रकाना रिकामा ठेव.

विनी